‘देव देईल’
‘देव देईल’ हे आळशीही म्हणतो आणि सेवकही. फरक पाहावयाचा तो पुढच्या कृतीत.

ब्रिस्टल येथे जॉर्ज म्युलरने १८३६ साली अनाथालय उघडले. माणसांपुढे हात पसरावयाचा नाही, मागणे ते देवापाशीच, असा त्याचा नियम होता. त्याच्या हयातीत दहा हजारांवर मुले त्या छत्राखाली राहून गेली. परंतु आलेल्या पै-पैचा हिशेबही तो छापून काढी.

त्याच्या कार्याची हकीकत पंडिता रमाबाईंनी वाचली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. हातचा पैसा आधी मोजीत बसत्या, तर त्या निघत्याच ना. मात्र केडगावी त्यांनी विहिरी खणविल्या, शेती केली, माग चालविले, छापखाना काढला.

कोणी म्हणेल, पैसे धाडले ते माणसांनीच; छापील हिशेब हीदेखील मूक याचनाच. असेल. श्रद्धेने तिजोरी भरते की नाही, हा वाद बाजूस ठेवू. दाराशी आलेल्या भुकेल्याला ‘फंड जमल्यावर ये’ असे ती सांगू देत नाही, हे तिचे काम थोडे नव्हे.