स्टार्टरच्या झाकणामागची लिपी
विद्युत आकृत्यांतील चिन्हे वाचता आली, तर पंपही वाचतो आणि जीवही

पिरंगुट (ता. मुळशी) - सकाळच्या वेळी सोसायटीचा पंप बंद पडतो. तारतंत्री येतो, स्टार्टरची पेटी उघडतो आणि झाकणाच्या आतील बाजूस चिकटविलेल्या कागदाकडे क्षणभर पाहतो. चौकोन, तिरप्या रेषा, ठिपके आणि काही आकडे. भोवती जमलेल्या रहिवाशांना त्यातून काहीच बोध होत नाही. मात्र पंप का थांबला आणि तो पुन्हा सुरू करणे योग्य आहे काय, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधण्याची वाट त्याच कागदावर असते.

भूगाव, भुकूमपासून हिंजवडीपर्यंत मुळशी तालुक्यात गेल्या काही वर्षांत वसाहती झपाट्याने वाढल्या. पंप, लिफ्ट, इन्व्हर्टर, जनित्र या यंत्रणा प्रत्येक इमारतीत आल्या. तसे विजेशी या तालुक्याचे नाते जुनेच. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. पुढे १९२७ मध्ये मुळशी जलाशयाच्या पाण्यावर घाटाखालील भिरा येथे वीजनिर्मिती सुरू झाली. असे प्रचंड वीजगृह आणि मोबाईलचा चार्जर यांच्या आकृत्या एकाच चिन्हलिपीत काढल्या जातात. ट्रान्स्फॉर्मर शेकडो टनांचा असला, तरी कागदावर तो एकमेकांत गुंतलेली दोन वर्तुळेच असतो.

चित्र नव्हे, नाते

विद्युत आकृती ही वस्तूचे चित्र नसते. कोणता भाग कोणत्या भागाशी जोडलेला आहे, एवढेच ती सांगते. भागाचा आकार किंवा पेटीतील जागा तीत शोधू नये. दोन तारा कागदावर एकमेकींना छेदतात तेथे ठिपका असेल तर त्या जोडलेल्या असतात, नसेल तर एक तार दुसरीवरून केवळ पुढे जाते. जुन्या कागदाच्या छायाप्रतीत हा ठिपका पुसट झाला, तर अर्थ उलटा होतो. याच कारणाने ४.७ किलोओहम हे मूल्य बहुधा '४ के ७' असे लिहितात. दशांशचिन्ह उडाले, तर ४.७ चे ४७ होतात. अक्षर सहसा उडत नाही.

एकाच रेझिस्टरची दोन चिन्हे आढळतात. नागमोडी रेषा ही अमेरिकी पद्धत, तर आडवा आयत ही आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाची. हा आयोग १९०६ मध्ये स्थापन झाला असून भारतीय मानकेही त्याच्याच चिन्हांवर बेतलेली आहेत. आयताबाबत मात्र सावध राहावे लागते. आयताच्या दोन टोकांना तारा जोडलेल्या असतील तर तो रेझिस्टर. आयताच्या आरपार रेषा गेली असेल तर तो फ्यूज. तारा आयताच्या लांब बाजूंना येऊन मिळत असतील तर ती रिले अथवा काँटॅक्टरची कॉइल.

चिन्हांत दडलेला इतिहास

कपॅसिटर म्हणजे समोरासमोरच्या दोन समांतर रेषा. विद्युतभार साठविणाऱ्या दोन पट्ट्यांचेच ते रूप. एका बाजूस अधिकचे चिन्ह असेल, तर तो उलटा जोडणे धोक्याचे असते. इलेक्ट्रोलिटिक जातीचा कपॅसिटर उलट जोडल्यास तापून फुटू शकतो. डायोड म्हणजे त्रिकोण आणि त्याच्या टोकाशी आडवी रेषा. त्रिकोण ज्या दिशेने रोखलेला, त्या दिशेनेच वीज वाहते. बाहेर जाणारे दोन छोटे बाण जोडले की तोच प्रकाश देणारा एलईडी होतो.

ट्रान्झिस्टरच्या चिन्हात एका सरळ रेषेला दोन तिरप्या रेषा टेकलेल्या दिसतात. १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या पहिल्या ट्रान्झिस्टरची रचना तशीच होती. स्फटिकाच्या तुकड्यावर धातूची दोन टोके टेकविलेली होती. पुढे रचना बदलली, चिन्ह राहिले. बाण बाहेर रोखलेला असेल तर तो एनपीएन, आत असेल तर पीएनपी. हा बाण धन टोकाकडून ऋण टोकाकडे वाहणाऱ्या विजेची दिशा दाखवितो. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन उलट दिशेने जातात. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ मधला, आणि दिशेचा संकेत त्याहून पुष्कळ आधीचा. तो बदलण्याची गरज मग कोणाला भासली नाही.

पंप आपोआप का सुरू होत नाही

आता पुन्हा स्टार्टरकडे वळू. तिरपी रेषा समोरच्या टोकाला न टेकता थांबली असेल, तर तो एरवी उघडा असणारा संपर्क. तो टेकलेला असेल, तर एरवी बंद असणारा. सर्व संपर्क वीज नसताना जसे असतात तसेच काढलेले असतात, हे ध्यानात ठेवावे. हिरवे बटण पहिल्या प्रकारचे, लाल दुसऱ्या प्रकारचे. हिरवे बटण दाबताच 'ए १' व 'ए २' या टोकांमधील कॉइलला वीज मिळते, काँटॅक्टर ओढला जातो आणि पंप सुरू होतो. त्याच वेळी १३-१४ हा साहाय्यक संपर्क मिटतो. तो हिरव्या बटणाला समांतर असल्याने बोट काढल्यावरही वीज त्या बाजूच्या वाटेने येत राहते.

वीज गेली की कॉइल सुटते आणि ही वाटही तुटते. म्हणून वीज परत आली तरी पंप आपोआप सुरू होत नाही. पुष्कळांना ही उणीव वाटते. वस्तुतः ती सुरक्षेची तरतूद आहे. मुळशीच्या मुसळधार पावसात वीज वारंवार ये-जा करते. अशा वेळी मोटार उघडून बसलेल्या माणसाच्या हातात ती अचानक फिरू लागली, तर काय होईल याची कल्पना करता येते.

त्याच ओळीत ९५-९६ हा ओव्हरलोड रिलेचा संपर्क असतो. मोटार ठरावीक मर्यादेहून अधिक प्रवाह ओढू लागली, की तो उघडतो आणि कॉइलची वीज तोडतो. पंप वारंवार 'ट्रिप' होतो म्हणून ही दोन टोके तारेने जोडून टाकण्याचा उपाय सर्रास केला जातो. आकृती वाचणाऱ्याला त्यातील धोका लगेच कळतो. पंप चालतो, पण एखादा फेज गेला किंवा बेअरिंग अडकले, तर त्याला थांबविणारे कोणी उरत नाही. मग मोटारीची वाइंडिंग जळते.

तीन प्रकारची 'जमीन'

सर्वाधिक गफलत होते ती अर्थिंगच्या चिन्हात. खाली लहान होत जाणाऱ्या तीन रेषा म्हणजे जमिनीत पुरलेले अर्थिंग. फणीच्या दात्यांसारखे चिन्ह म्हणजे उपकरणाचा धातूचा सांगाडा. रिकामा त्रिकोण म्हणजे केवळ संदेशासाठीचा संदर्भबिंदू. चार्जरसारख्या उपकरणांत विजेकडील आणि मोबाईलकडील संदर्भबिंदू निराळ्या चिन्हांनी दाखविलेले असतात, कारण ते एकमेकांशी जोडलेले नसतात. पहिल्या बाजूस २३० व्होल्टची वीज एकदिश होऊन कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. प्लग काढल्यानंतरही काही काळ हा भार तेथेच राहू शकतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीजतंत्री, तारतंत्री यांना ही लिपी शिकविली जाते. सर्वसामान्य नागरिकाने दुरुस्ती करू नये, हे खरेच. परंतु झालेल्या दुरुस्तीविषयी चार प्रश्न विचारण्याइतकी ओळख त्याला असावी. पंप दुरुस्त झाल्यावर ९५-९६ ची टोके तशीच ठेवली आहेत ना, हा त्यांपैकी पहिला प्रश्न. ओल्या भिंतीवरील पेटीत हा कागद फार टिकत नाही. तो पुसट होण्याआधी त्याचे छायाचित्र काढून सोसायटीच्या दप्तरी ठेवणे, एवढे तर आजच करता येईल.