‘आढळले नाही’ म्हणजे किती?

वाशिम जिल्ह्यात रिसोडच्या बाजारात उन्हाळ्यात हळदीची पोती येतात. शिजवलेली हळद नीट वाळली नाही तर तिला बुरशी धरते, आणि काही बुरशा अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात. युरोपात पाठवायच्या हळदीत त्यातल्या बी-१ या प्रकाराला किलोमागे ५ मायक्रोग्रॅमपर्यंतच मुभा आहे. म्हणजे एक टन हळदीत फक्त ५ मिलिग्रॅम!

एवढेसे विष मोजायला द्रव क्रोमॅटोग्राफी वापरतात. हळदीचा अर्क साफ करून, बारीक भुकटीने भरलेल्या नळीतून द्रवाबरोबर दाबाने ढकलतात. अर्कातले पदार्थ भुकटीला कमीअधिक चिकटतात, म्हणून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. अफ्लाटॉक्सिन अतिनील प्रकाशात चमकते. त्या चमकेचे आलेखावर शिखर उमटते. विष जितके जास्त, तितके शिखर उंच.

पण विष मुळीच नसले तरी आलेखाची रेषा सपाट नसते, थरथरत असते. शिखर या थरथरीतून वर उठले तरच ‘आहे’ म्हणता येते. समजा, किलोमागे १ मायक्रोग्रॅमला ४० एकक उंचीचे शिखर मिळते. विष नसलेला कोरा नमुना अनेकदा तपासला आणि वाचनांचे प्रमाण विचलन (अकरावीच्या गणितातले, तेच!) ४ एकक आले. रूढ रीतीप्रमाणे त्याची ३.३ पट, म्हणजे १३.२ एकक; भागिले ४०, म्हणजे ०.३३ मायक्रोग्रॅम. ही शोधमर्यादा. भरवशाचा आकडा सांगायला १० पट लागते, म्हणजे १ मायक्रोग्रॅम. तेव्हा ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘शून्य’ नव्हे, तर ‘शोधमर्यादेपेक्षा कमी’. ती मर्यादा न लिहिलेला अहवाल आम्ही तरी अपुरा मानतो.

आता एकच अर्क सहा वेळा तपासला : ४.६, ५.१, ४.८, ५.३, ४.७, ४.९. सरासरी ४.९. माल पास? दोन वाचने तर ५ च्या वर आहेत! प्रमाण विचलन ०.२६ येते, आणि मर्यादेपासूनचे अंतर अवघे ०.१. इथे छातीठोकपणे ‘पास’ म्हणता येत नाही आणि ‘नापास’ही म्हणता येत नाही. शेतकऱ्याचा भाव मात्र याच दशांशावर अडकलेला असतो.

शिवाय ही सहाही वाचने एकाच अर्काची. ती यंत्राविषयी सांगतात, पोत्याविषयी नाही. बुरशी पोत्यातल्या मोजक्याच हळकुंडांना लागलेली असू शकते. मूठभर नमुन्यात ती आली तर आकडा फुगतो, सुटली तर ‘आढळले नाही’. म्हणून अनेक पोत्यांतून, वरून, मधून, तळातून हळकुंडे घ्यावी लागतात, ती सगळी दळून एकजीव करावी लागतात, आणि मगच अर्क काढायचा.