आजीची भाषा, नातवंडांची भाषा

(सिनेगॉगच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा ध्वनिमुद्रणावरून घेतलेला सारांश)



आम्ही इस्राएलमध्ये स्थायिक झाल्यावर माझा मुलगा शाळेत जाऊ लागला. तेव्हा त्याच्या शिक्षिकेने मला सांगितले, "घरी हिब्रूच बोला; दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होईल." मी तो सल्ला निमूटपणे पाळला. मुलगा हिब्रू उत्तम शिकला. परंतु माझ्या आईला मराठीखेरीज अन्य भाषा येत नव्हती. एकाच घरात आजी आणि नातू खाणाखुणांनी बोलत. तिच्या अखेरच्या आजारात तिचे बोलणे मला त्याला उलगडून सांगावे लागले. त्याची खंत आजही मनात आहे.

आपल्या पूर्वजांचा अनुभव या सल्ल्याच्या नेमका उलट आहे. कोकणातील बेने इस्राएल समाज मराठी बोलत असे आणि त्याचे हिब्रूचे ज्ञान अल्प होते. ते वाढले मराठीच्याच आधाराने. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता. आपल्या वाडवडिलांनी स्वधर्म राखून विद्या तेवढी घेतली. पुढे १८४६ साली मुंबईस आणि १८७४ साली पुण्यास मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युएल केहिमकर प्रभृतींनी १८७५ साली मुंबईत इस्राएली शाळा स्थापन केली. तेथे मुले हिब्रूही शिकली. मराठीमुळे हिब्रू मागे पडली नाही. उलट मराठीचे बोट धरूनच ती घरोघर आली.

आता तोच मार्ग उलट दिशेने चालता येईल. नातवंडांना येणारी हिब्रू ही मराठी शिकण्यातील अडचण नसून साधन आहे. हिब्रूत मामा आणि काका या दोघांनाही 'दोद' म्हणतात, तर मावशी आणि आत्या या दोघींनाही 'दोदा'. हिब्रूत 'अनाख्नू' हा एकच शब्द आहे. मराठीत 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि 'आपण' म्हटले की तो आत येतो. असे भेद दाखवले की मुले कुतूहलाने विचारू लागतात आणि त्यांना स्वतःची हिब्रूही अधिक स्पष्ट कळते.

म्हणून माझी विनंती आहे की शब्बाथच्या उपासनेनंतर अर्धा तास एका वडीलधाऱ्याने एका मुलाजवळ बसावे. त्या दिवशी लेखन वर्ज्य, तेव्हा वही-पेन्सिल नको, केवळ बोलावे. प्रथम नात्यांचे शब्द, मग स्वयंपाकघरातील, मग लहानपणीची एखादी आठवण. मुलाने अडलेला शब्द हिब्रूत विचारावा. आपण तो मराठीत सांगावा. चुकल्यास हसू नये.

मला माझ्या मुलासाठी हे करता आले नाही. आता माझी नात दर शनिवारी माझ्याजवळ बसते. परवा तिने मला विचारले, "आजी, आपण घरी कधी जायचं?" तिने 'आम्ही' नव्हे, 'आपण' म्हटले.