माणिकगडच्या पहाडावरून पाहिलेली पन्नास वर्षं

चंद्रपूर जिल्ह्यातलं गडचांदूर मागं टाकून जिवतीचा घाट चढू लागलं की सिमेंट कारखान्यांची धुरांडी दिसेनाशी होतात आणि माणिकगडचा पहाड सुरू होतो. गोंड आणि कोलाम इथले मूळचे. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास मराठवाड्यातून बंजारा, दलित आणि इतर कुटुंबं आली, झाडोरा साफ करून शेती करू लागली. त्यांच्या पायाखालच्या बऱ्याच जमिनीचा वनखात्याशी असलेला वाद वर्षानुवर्षं चालत आला. पट्टा नाही म्हणून सातबारा नाही, सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही. आणि जिथं सातबारा आहे, तिथंही त्यावर बाईचं नाव क्वचितच.

महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, म्हणजे ‘माविम’च्या, पैशाचा मागोवा मला याच पहाडावरून घ्यावासा वाटतो. सधन तालुक्यात बचत गटाचं कर्ज म्हणजे बाकीच्या कर्जाला जोड. इथं अनेक घरांसाठी गट हीच बँक. तो नसेल तर सावकार, नाहीतर कृषी केंद्राची उधारी.

महामंडळाची स्थापना २४ फेब्रुवारी १९७५ ची, आंतरराष्ट्रीय महिला वर्षातली. २०२५ मध्ये त्याला पन्नास वर्षं झाली. सुरुवातीचा मोठा काळ ते आकारानं लहान आणि पैशानं त्याहून लहान राहिलं. मग १९९४ उजाडलं. त्या वर्षी २२ जूनला राज्याचं पहिलं महिला धोरण आलं आणि त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या मदतीनं महाराष्ट्र ग्रामीण पतपुरवठा कार्यक्रम सुरू झाला. चंद्रपूर जिल्हा त्यात होता. बचत गट हा शब्द इथल्या गावांत रुळला तो याच काळात. २००३ च्या जानेवारीत सरकारनं गटांच्या कामासाठी माविमला राज्याची समन्वय यंत्रणा ठरवलं आणि २००७ मध्ये माविमचा ‘तेजस्विनी’ हा बचत गटांचा प्रकल्प सुरू झाला.

तेजस्विनीवर थोडं थांबायला हवं, कारण पैसा कशावर खर्च करायचा याचा एक धीट निर्णय तिथं झाला. अनुदान म्हणून घरोघर शिलाई यंत्रं वाटणं सोपं होतं. फोटोही चांगले आले असते. त्याऐवजी पैसा माणसांवर गेला. गावोगाव फिरणारी सहयोगिनी, हिशेब लिहायला शिकवणारी प्रशिक्षणं, गटांचं लेखापरीक्षण आणि गटांच्या डोक्यावर त्यांचीच संस्था असलेलं लोकसंचालित साधन केंद्र. ३३ जिल्ह्यांत अशी ३१५ केंद्रं उभी राहिली. एरवी सरकारी कागदांना घाबरणारी बाई नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री बोटांवर मोजून सांगू लागली, हे त्या खर्चाचं फळ. मी तो खर्च वाया गेला असं कधीच म्हणणार नाही.

पण प्रकल्पाला शेवटची तारीख असते, गटाला नसते. तेजस्विनी २०१८ मध्ये संपली. केंद्रांनी तोवर आपल्या पायावर उभं राहावं अशी रचना होती: गटांकडून सेवाशुल्क घ्यायचं, बँकेला कर्जवाटपात आणि वसुलीत मदत केल्याबद्दल मोबदला घ्यायचा, त्यातून सहयोगिनीचं मानधन आणि कार्यालयाचं भाडं भागवायचं. रस्त्याकडेच्या दाट वस्तीच्या, दूधदुभत्याच्या पट्ट्यात हे गणित जमू शकतं. पहाडावर ते जुळत नाही. इथं वीस-तीस घरांचा गुडा, दोन गुड्यांमध्ये उताराची वाट, पावसाळ्यात ओढे. एका गटाकडे पोचायला सहयोगिनीचा अर्धा दिवस जातो आणि त्या गटाचं कर्ज लहान, म्हणून त्यावरचं शुल्कही लहान. जिथं काम सर्वांत अवघड, तिथंच कमाई सर्वांत कमी. स्वयंपूर्णतेला एकच मोजपट्टी लावणं ही माझ्या मते या पन्नास वर्षांतली सर्वांत महागडी चूक आहे. पहाडी तालुक्यातल्या सहयोगिनीचा पगार हा प्रकल्पाचा खर्च नाही. शिक्षकाच्या पगारासारखा तो राज्याचा कायमचा खर्च आहे आणि तो तसाच धरायला हवा होता.

दुसरा त्रास महिन्यांचा. अर्थसंकल्प मार्चमध्ये मंजूर होतो, पण तरतूद म्हणजे हातातला पैसा नव्हे. ती विभागाकडून वितरित व्हायची, आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र जायचं, मग पुढचा हप्ता, मग पुरवणी मागण्या, आणि शेवटी मार्च अखेरीस निधी व्यपगत होऊ नये म्हणून धावपळ. कापसाची पेरणी मात्र जूनमध्ये. बियाण्याची पिशवी आणि खताचं पोतं तेव्हाच लागतं. शून्य टक्के व्याजाच्या योजनेतही गटानं आधी वेळेवर परतफेड करायची आणि व्याजाची रक्कम मागाहून खात्यात यायची. उशीर सरकारचा, पण तोवरचा ताण बाईच्या पदरात.

कायद्यातलं हमखास म्हणावं असं जे आहे, तेही पहाडावर विरळ होतं. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणासाठी ठेवायचा, हा नियम चांगला. कारखान्याशेजारच्या पंचायतीत त्यातून काही उभं राहतं. जिथं घरपट्टीच नावापुरती, तिथं दहा टक्क्यांत काय येणार?

२०११ पासून गटांसाठी ‘उमेद’ची, म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची, यंत्रणाही उभी राहिली. पैसा वाढला, हे खरं. २०२३ मध्ये गटाचा फिरता निधी १५ हजारांवरून ३० हजार आणि गावात काम करणाऱ्या समुदाय संसाधन व्यक्तीचं मानधन ३ हजारांवरून ६ हजार झालं. त्याच वर्षी जिवती तालुका केंद्र सरकारच्या आकांक्षित तालुक्यांच्या यादीत आला. यंत्रणा दोन, नोंदवह्यांचे नमुने दोन, बायका त्याच.

आता ताजा आकडा. माविमचा ‘नवतेजस्विनी’ हा उद्यम विकासाचा प्रकल्प ५२३ कोटींचा, तोही अनेक वर्षांत मिळून. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या लाडकी बहीण योजनेचा सुरुवातीचा अंदाज होता वर्षाला ४६ हजार कोटी. दरमहा १५०० रुपये पहाडावरच्या बाईसाठी मोठे आहेत; ते थेट तिच्या नावावर येतात, नवऱ्याच्या नाही, आणि त्याला मी नावं ठेवणार नाही. पण २०२५ च्या मे महिन्यात या योजनेसाठी आदिवासी विकास विभागाच्या तरतुदीतून ३३५ कोटी ७० लाख रुपये वळवले गेले. जिवतीतली गोंड किंवा कोलाम बाई बाई आहे आणि आदिवासीही. तिच्या एका हक्काच्या थैलीतून काढून तिच्याच दुसऱ्या थैलीत टाकलेला पैसा तिला दिलेला पैसा कसा म्हणायचा?

या सगळ्या हिशेबात एक थैली कुठल्याच अर्थसंकल्पी पुस्तकात दिसत नाही: बायकांची स्वतःची बचत. जूनच्या तोंडावर गुड्यावर बैठक बसते. पेटी उघडते, पासबुकं निघतात, कुणाला किती हवं ते विचारलं जातं. बियाण्याला आधी, आजारपणाला त्याहून आधी. ज्यांना लिहिता येत नाही त्या अंगठा उठवतात, शेजारची रक्कम मोठ्यानं वाचून दाखवते. पुढचा हप्ता किती आणि कुठल्या दिवशी हे तिथल्या तिथं ठरतं, आणि अंधार पडायच्या आत पेटीला कुलूप लागतं.