पाण्यातले जंतू मोजतात तरी कसे?

शेतकरी बंधूंनो, ठाण्याहून लोकलने मुंबईकडे निघालात की मुलुंडनंतर नाहूर लागते. तेथून पश्चिमेला, डोंगराच्या कडेला भांडुपचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. शहापूर तालुक्याकडच्या धरणांचे पाणी तेथे गाळून, क्लोरीन देऊन मुंबईला पुरवले जाते. १८ जुलै २०२१ रोजी मुसळधार पावसाचे पाणी याच केंद्रात शिरले. यंत्रे बंद पडली आणि पाणी उकळून प्या, असे महापालिकेला लोकांना सांगावे लागले. एवढ्या मोठ्या केंद्राची ही गत, मग पावसाळ्यात आपल्या उघड्या विहिरीचे काय होत असेल? पाणी नितळ दिसते म्हणून ते चांगले, असे मुळीच धरू नका.

आता तुम्ही विचाराल, डोळ्याला न दिसणारे जंतू मोजतात कसे? प्रयोगशाळेत कावीळ-पटकीचे जंतू शोधत बसत नाहीत. माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यात राहणारे कोलिफॉर्म जंतू शोधतात. त्यातला ई. कोलाय सापडला, की पाण्यात विष्ठा मिसळली हे नक्की. ठरावीक मापाचे पाणी खाद्यद्रव्य भरलेल्या नळ्यांत घालून ३७ अंश सेल्सिअसवर ४८ तासांपर्यंत ठेवतात. जंतू असले तर ते आम्ल आणि वायू तयार करतात. द्रव्याचा रंग बदलतो, आतल्या उलट्या छोट्या नळीत बुडबुडा धरतो. किती नळ्या अशा निघाल्या त्यावरून तक्त्यात आकडा बघतात. त्याला एमपीएन म्हणतात. पीक कापणी प्रयोगात एका तुकड्यावरून शिवाराचा उतारा काढतात ना, तसलाच हा अंदाज. दुसऱ्या रीतीत १०० मिलिलिटर पाणी बारीक चाळणीच्या कागदातून गाळतात व तो कागद खाद्यावर ठेवतात. एकेका जंतूची वाढून वसाहत होते, ते ठिपके सरळ मोजायचे. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही नसावा, असे भारतीय मानक सांगते.

दुधाचेही असेच आहे. डेअरीत दुधात मेथिलिन ब्ल्यू टाकून बघतात. जंतू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर उडतो.

पण खरी गफलत होते ती नमुना घेताना. ग्रामसेवक भाऊसाहेब, बाटली प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुकच हवी. ती विसळू नका. आत थोडे सोडियम थायोसल्फेट असते. ते धुऊन गेले तर पाण्यातला क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटाच चांगला येतो. नळाचे तोंड आधी जाळाने शेकवा, पाणी थोडा वेळ वाहू द्या, बुचाला आतून बोट लावू नका, वर थोडी जागा ठेवा. बाटली बर्फात ठेवून शक्यतो ६ तासांत पोचवा, २४ तासांपलीकडे तर नकोच. एसटीच्या टपावर दिवसभर उन्हात फिरलेल्या बाटलीचा अहवाल काय कामाचा?

शिवाय अहवाल येईस्तोवर दोन-तीन दिवस जातात, आणि तेवढ्यात ते पाणी सगळ्या गावाने पिऊन झालेले असते! म्हणून रोजची ओटी टेस्ट चुकवू नका. टीसीएल टाकल्यावर अर्ध्या तासाने पाण्यात पिवळा रंग आला पाहिजे, क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरला पाहिजे.

टीसीएल अंदाजे मुठीने टाकू नका. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने आणि ७८५ ने गुणा, म्हणजे लिटर निघतील. ४ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी असेल तर ३७,६८० लिटर झाले. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर धरली तर सुमारे ९४ ग्रॅम लागेल. पोते उघडे राहून ओल धरलेली पावडर असेल तर हा हिशेब चालत नाही, तिची ताकद आधी तपासून घ्या. अहवाल ‘पिण्यास अयोग्य’ आला तर टीसीएल टाकून नमुना पुन्हा पाठवा, आणि तोवर पाणी उकळून प्यायची दवंडी त्याच दिवशी द्या.