डाय किती टनाला?

पहाटे ५.४०
दिंडोशीत हायवेलगतच्या फर्निचर गाळ्याबाहेर भुशाच्या गोण्या. मामा गोणीत कोपरापर्यंत हात घालतात, मूठभर भुसा काढून हुंगतात. दोन गोण्या बाजूला. प्लायचा भुसा, डिंकाचा. मग लोहचुंबक फिरवतात. चार चुका चिकटून येतात. शेजारच्या चित्रनगरीत मोडलेल्या सेटची फळकुटं इथे स्वस्त मिळतात, पण रंग आणि खिळे काढता काढता मजुरीच वर जाते. दहा गोण्या छोट्या हत्तीवर चढतात. टेम्पोचे २,२००. मामांचा रोज १,२००, जेवण शेठकडे.

शेठना वाड्याला पेलेटचा, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळाऊ कांड्यांचा, प्लांट टाकायचाय. मशीन पसंत करायचं ते मामांनी, कारण उद्या त्याच्याशेजारी उभं राहायचंय तेही त्यांनीच.

७.१५
दहिसरला कोंडी. पुढे घोडबंदरची खाडी ओलांडेपर्यंत ड्रायव्हरचा दुसरा चहा. शेठचं आधीचं गणित बेकऱ्यांचं होतं. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा हरित इंधनावर जायला सांगितलं. काही बेकरीवाले गॅसकडे वळले, शेठ कारखान्यांच्या बॉयलरकडे.

९.२०
वसई पूर्व, सातिवली. विक्रेत्याच्या शेडमध्ये दोन मशीनं. डाय म्हणजे भोकांचा साचा, त्यातून भुसा दाबला की कांड्या पडतात. एक सपाट डायचं, दुसरं रिंग डायचं. सपाट डायचं स्वस्त आणि उघडायला सोपं, पण शेठना रोज टनावारी माल काढायचाय. मामा त्याच्याकडे बघतही नाहीत.

विक्रेत्याने स्वतःचा भुसा तयार ठेवलाय. पिठासारखा बारीक, कोरडा.

“आमचाच घालू,” मामा म्हणतात.

ओलावा मोजला. १९ टक्के. हवा बारा-तेराच्या आत. ताडपत्री पसरून भुसा उन्हात. दोन पोरं फावड्याने उलथतात. वाड्याहून आलेला भाताचा तूस मात्र कोरडा ठणठणीत.

दुपारी १२.१०
पन्नास हॉर्सपॉवरची मोटर घरघरते. डाय तापेपर्यंत विक्रेत्याचा माल, मग आपला. लाकडातलं लिग्निन उष्णतेने मऊ होतं आणि तेच भुसा धरून ठेवतं. वेगळा डिंक लागत नाही. आठ मिलीमीटरच्या भोकांतून कांड्या पडू लागतात, हाताला चटका बसेल इतक्या गरम. माहितीपत्रकात ताशी ५०० किलो. मामा मोबाईलवर दहा मिनिटं लावतात आणि माल काट्यावर. ६२ किलो. म्हणजे ताशी ३७२. विक्रेता विजेच्या दाबाबद्दल काहीतरी बोलतो.

आता तीन भागांत एक भाग तूस. दहा मिनिटांत ४८ किलो. अँपिअरचा काटा साठावरून सत्तरीकडे. तुसात सिलिका, पॉलिशपेपरने घासावं तशी ती डायची भोकं आणि रोलर झिजवते.

“डाय किती टनाला बदलायची?”

“मटेरियलवर आहे.”

“मटेरियल तुमच्यासमोर आहे.”

१.३०
वडापाव. चहाच्या रिकाम्या ग्लासात पाणी, त्यात एकेक कांडी. भुशाची तळाला जाते. तुसाच्या दोन तरंगतात. दाब कमी पडला. चाळणीत ढवळलं तर चुराही तुसाच्याच कांड्यांचा जास्त.

२.१५
मशीन बंद करायच्या वेळी मामा मुद्दाम जवळ थांबतात. शेवटी तेलात कालवलेला भुसा सोडला, भोकं भरली. नाहीतर माल आत थंड होऊन दगड होतो आणि दुसऱ्या दिवशी एकेक भोक ड्रिलने उघडत बसावं लागतं. या शेडमधल्या पोरांना कामाची जाण आहे. रोलरच्या बेअरिंगला चालू मशीनवर ग्रीस देता येतं का, तेही पाहून घेतात. येतं. एवढं एक मनासारखं.

३.४०
शेठचा फोन. “भाव किती उतरला?”

“भाव नंतर, शेठ. मोठी मोटर घ्या, पंचाहत्तरची. आणि तुसाला वेगळी डाय, जास्त लांब भोकाची. दोन डाय, रोलरचे दोन जोड किमतीतच बसवा.”

“पावणेदोनपट बजेट होतंय, मामा!”

“मग तूस सोडा.”

तूस सोडता येत नाही. वाड्यात फुकटासारखा तोच मिळतो.

५.३०
कोटेशन पुन्हा छापून आलं. एक डाय जादा, रोलरचा एक जोड. मामा पेन मागून खाली लिहितात: आठ तास सलग चाचणी, आमच्या तुसावर, मग ॲडव्हान्स. विक्रेता मालकाला विचारून सांगतो म्हणाला. उरलेल्या गोण्या परत टेम्पोत. परतीच्या भाड्यात ड्रायव्हर तीनशे जास्त मागतोय.