पोट लहान होतं, घराची सवय तीच राहते

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनबद्दल गटाच्या बैठकीत आम्हाला हल्ली विचारणा होते. स्लीव्ह प्रकारच्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. उरतं ते केळ्याएवढं.

तयारी आधीच सुरू होते. मिशरी, तंबाखू बंद, कारण जखम भरायला अडथळा येतो. (इथं बैठकीत एकदम शांतता पसरते!)

नंतर सुरुवातीला फक्त पातळ, मग मऊ, आणि साधारण महिना-दीड महिन्यानं नेहमीचं जेवण, तेही थोडंच. डाळ, अंडं, पनीर आधी, भाकरी शेवटी. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासानं घोट-घोट. खरी अडचण वेगळीच. घरात उरलेलं संपवायचं काम आपलंच असतं ना? ते आता जमणार नाही. एक घास जास्त झाला तरी उलटी होऊ शकते. म्हणून नवऱ्याला, सासूबाईंना आधीच डॉक्टरांकडे सोबत न्या. हळदीकुंकवाचा आग्रह मग त्याच थांबवतील.

बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे आयुष्यभर घ्यायचं. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या, तर पुढे हातापायांना मुंग्या येतात, रक्त कमी होतं. उपवासही विचारूनच. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, बहुतेकींचे परत येतात.

वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नका. वजन उतरलं की अनियमित पाळी सुधारते आणि दिवस लवकर राहू शकतात. तांबीबद्दल आशाताईंशी ऑपरेशनआधीच बोलून ठेवा.